कोपाट

दोंडाईचात आमचं घर मिरचीबाजाराच्या पाठीमागं,
म्हणजे हिवाळाभर शिंकत शिंकतच केला संसार.

हा माणूस पहाटे चारला उठतो.
गजर नाही, कोंबडा नाही,
आतूनच कुणी खांदा हलवल्यासारखा उठून बसतो
आणि बसल्या बसल्या पुरता जागा असतो,
माझा यावर अजून विश्वास बसत नाही.
कानटोपी, मफलर, सायकल.
दवानं मऊ आहे तोवर पथारीवरची मिरची पालटायची,
ऊन चढलं की ती कडकडते, फुटते, डोळ्यांत जाते.

आणि मी.
लग्नानंतर आठव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या,
"तुना दिन काय रातले उगस का व?"
सकाळचे सहा वाजले होते,
मी भाकरी थापता थापता परातीवर झुकत चालले होते.

पुढं एकोणीस वर्षं नऊला दिवा मालवला.
डोळे उघडे ठेवून
पत्र्याच्या पन्हळी मोजल्या: बेचाळीस.
सासूबाईंच्या तेराव्याला पाहुणे पांगले
त्या रात्री पहिल्यांदा दिवा जळत ठेवला,
आणि त्याच्याखाली बसून
त्यांच्यासाठीच थोडी रडले.

रात्रभर करतेस काय, असं लोक विचारतात.
काही नाही.
काही नाही करता यावं म्हणून तर जागायचं.
फ्रिज थरथरून गप्प होतो ते ऐकते.
शेंगदाणे खाते, फोलं तिथंच फुंकते.
दोनच्या सुमारास सुरतेकडं मालगाडी जाते,
तिचे डबे आवाजावरून मोजते.
मग शिळ्या पेपरातलं शब्दकोडं,
त्यात एखादा शब्द राहू देते,
पहाटे चहा उकळेपर्यंत तो भरतो.

एकदा आडवा नऊ राहिला होता:
घुबड, तीन अक्षरी.
उलूक मला येत होतं. तरी सोडलं.
उठून पाहते तर ठळक अक्षरांत
बायको.
त्या को-वरून खाली उभा शब्द उतरत होता, कपाट.
तेव्हापासून आमच्या घरी कपाटाला कोपाट म्हणतात.
नातवंडंही म्हणतात, शाळेत मार खातात.

महिन्याभरानं मला कोंबडा मिळाला, तीन अक्षरी.
ह्यांचं नाव मी तोंडानं घेत नाही,
पण लिहायला कोण अडवतं?
दगाजी. चौकटीत नीट बसलं.

मे महिन्यात मात्र अख्खं गाव माझ्या बाजूचं होतं.
दुपार म्हणजे बंद दारं, ओली गोणपाटं,
आणि रात्री एक एक वाजेपर्यंत
गच्च्यांवर माणसं, पंखे, रडकी पोरं,
शेजारच्या गच्चीवर कुणीतरी टरबूज कापतंय.
मी घरच्यासारखी फिरते.
हा कोपऱ्यात बसून राहतो,
माझ्या माहेरी आलेल्या जावयासारखा,
हात कुठं ठेवावेत ते न कळून.

त्याची सकाळ मी एकदाच पाहिली.
गेल्या पौषात. झोपलेच नव्हते,
म्हटलं, आज मागच्या दारानं शिरावं तिच्यात.
सायकलच्या कॅरिअरवर बसून गेले, नाकाला पदर.

अंधारात मिरची लाल नसते.
काळी असते, कुणी डांबर ओतून ठेवल्यासारखी,
दूरवर, कुंपणापर्यंत.
मग पूर्वेच्या कडेनं एक ओळ पेटते,
मग तिच्या अलीकडची,
आणि रंग पायाशी येईस्तोवर
आपण श्वास घ्यायचं विसरलेलो असतो,
घेतला की शिंक येते.

हे तू रोज बघतोस?
रोज.
मग कधी बोलला नाहीस ते?
दाताळं न थांबवता म्हणाला,
"तू तव्हा झोपेल ऱ्हास ना."

परतताना तो गप्प, मीही गप्प.
ऊन पाठीवर येत होतं आणि माझी रात्र संपत होती.
रेल्वे फाटकापाशी सायकल थांबली
तेव्हा मी म्हणाले,
अठ्ठावन्न.

तो म्हणाला, काय अठ्ठावन्न?